माझं माळवद

विट्याजवळच्या आमच्या वाडीत स्लॅबचं पहिलं घर माझं, हे कुणी न विचारताही मी सांगायची. बहात्तरचा दुष्काळ नुकताच सरला होता. आमचे मालक मद्रासला सोनं गाळायच्या भट्टीवर. तिथला धूर खाऊन ते पैसे धाडायचे आणि मी इथं त्या पैशांचं पक्कं घर केलं.

जुनं माळवद मीच उतरवलं. मातीच्या छपराखाली राहून काय कुणी मोठं होतं? तुळया, फळ्या, वरची पांढरी माती, सगळा ढीग अंगणात पडला. धाकटी जाऊ हरणाबाई हळूच म्हणाली, "आक्का, आमी न्हेऊ का ह्ये?"

"न्हे की! माझी अडगळ तरी जाईल." कर्णाचा अवतारच झाले होते ना मी!

तिनं आणि तिच्या नवऱ्यानं, ज्ञानूभावजींनी, चिखल तुडवून हातभर रुंद भिंती घातल्या आणि वर माझं माळवद चढवलं. खर्च काय, तर सुताराची मजुरी आणि चार खिळे. माझा स्लॅब मात्र पाणी पिऊन पिऊन दमेना. आडाचा तळ दिसला, परमिटच्या सिमेंटपायी माझ्या वहाणा झिजल्या.

मग उन्हाळा आला. माझं घर बघायला आलेल्या बायका पदरानं वारा घेत उठायच्या आणि थेट हरणाबाईकडं जाऊन शेंगा फोडत बसायच्या. माझा नुसता जळफळाट व्हायचा. म्हटलं, मालक येऊ देत. हे घर बघितलं की परत भट्टीवर जायचं नाव काढणार नाहीत. त्यासाठीच तर सगळा खटाटोप होता.

वैशाखात ते आले. घर बघून "झ्याक हाय" म्हणाले. जेवून आडवे झाले आणि घामानं निथळत उठले.

"आगं, भट्टीतनं सुटून आलो, तर हितं बी भट्टीच!" टॉवेल खांद्यावर टाकून ते भावाच्या घरी गेले.

बराच वेळ झाला तरी येईनात, तेव्हा मी तणतणत आणायला गेले. दारातच हरणाबाईनं ओठांवर बोट ठेवलं.

"आक्का, हळू. थोरल्या भावजींचा आत्ताच डोळा लागलाय."

आत पाऊल टाकलं आणि गारवा अंगाला लागला. वर माझीच तुळई. पोरांचा पाळणा टांगायची कडी तिला अजून तशीच होती. ती बघून मला रडू नाही, रागच आला.

चाहुलीनं मालकांनी अर्धवट डोळे उघडले. झोपेत त्यांना कुठलं घर वाटलं कोण जाणे.

"आलीस व्हय? आपलं घर लय गार हाय बघ. आता मी न्हाई जात परत."

एवढं बोलून ते पुन्हा झोपले. जे ऐकायला मी स्लॅब टाकला, ते जावेच्या घरात ऐकायला मिळालं. हरणाबाईनंही ऐकलं होतं. तिनं माझ्यासाठी घोंगडं अंथरलं.

मी बसले. पण बसता बसता तिला ऐकवलंच, "माळवद माझं हाय."