रांगेतले अकरा सेकंद

सात आठवडे त्या दोषाने त्याच्या नाकी नऊ आणले होते. नेटवर्कवरून येणारा आवाज मधूनच बंद पडे. चार दिवस ठणठणीत, पाचव्या दिवशी मुका. खोट कर्नलमध्ये, म्हणजे संगणकाच्या अगदी गाभ्यात होती. ती शोधण्यासाठी प्रोग्रॅममध्ये एक ओळ वाढवावी, तर तेवढ्यानेच वेळेचे गणित बदले आणि ती दडी मारून बसे. म्हणून त्याने एकच वाट धरली होती: स्वतः लिहिलेल्या प्रोग्रॅमवरून रोज ताईशी बोलायचे, आणि आवाज अडकला की कशालाही धक्का न लावता संगणकाच्या मेमरीची प्रत उतरवून घ्यायची.

"बहिणीची आठवण यायला तुझं यंत्र बिघडावं लागतं," ताई म्हणे. पण रोज न चुकता बोले.

त्या मंगळवारी ती रुग्णालयातून बोलत होती. अकरा वाजता हृदयाची शस्त्रक्रिया होती.

"घाबरलीयेस का गं?"

"मी कशाला? डॉक्टरच घाबरलाय, माझी बडबड ऐकून. बरं, एक सांगायचं होतं तुला—"

आणि आवाज तुटला.

त्याच्या काळजाने उडी मारली, दुर्दैवाने, आनंदाने. फोन हाताशीच होता. पाच मिनिटांत लावू, आधी मेमरीची एवढी अवस्था तपासून प्रत उतरवून घेऊ, असे म्हणत तो कीबोर्डवर तुटून पडला. मान वर केली तेव्हा सव्वाअकरा झाले होते.

"आत नेलं रे तिला," फोनवर भावजी म्हणाले. "तुझी वाट बघत होती."

"काही म्हणाली?"

"म्हणाली, कामात आहे तो."

दोन वाजता भावजींचाच फोन आला. ताई टेबलावरच गेली होती.

तेरा दिवसांनी तो कामावर परतला आणि ती प्रत उघडून बसला. दोष तासाभरात सापडला. आलेला आवाज कर्नल एका रांगेत ठेवी आणि झोपलेल्या प्रोग्रॅमला जागे करी. क्वचित दोन प्रोसेसर एकाच क्षणी तिथे पोहोचत. दुसऱ्याने जागे केले असेल असे धरून दोघेही निघून जात. आवाज येत राही, उचलणारा झोपलेला. इकडून जाणारा आवाज मात्र सुरळीत चाले.

"सापडला?" शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याने विचारले.

"सापडला."

"मग सुतकी चेहरा कशाला, लेका?" तो बोलून गेला, आणि त्याने जीभ चावली.

रांगेत अकरा सेकंदांचा आवाज शिल्लक होता. त्याने हेडफोन चढवले.

"हॅलो? अरे, आहेस ना? ...टकटक ऐकू येतेय तुझी. कामाला लागलास वाटतं. असू दे, तू कर तुझं. मी आपली बोलते, तू नुसतं—"

इथे रांग भरली होती. त्यापुढचे जे आले, ते कर्नलने नियमाप्रमाणे टाकून दिले होते. फक्त टाकलेल्या पाकिटांचा, म्हणजे आवाजाच्या बारीक तुकड्यांचा, आकडा शेजारी नोंदला होता. प्रोग्रॅम त्याचाच होता, त्यामुळे माणूस बोलत असेल तेव्हाच तो पाकिटे पाठवतो, हे त्याला ठाऊक होते. त्याने आकडा कागदावर घेऊन सेकंदाला येणाऱ्या पाकिटांनी भागला, मग पुन्हा भागला.

त्या टकटकीशी ताई आणखी चार मिनिटे बोलत होती.