स्टुलाएवढी पायरी

मिस्त्रीने पान्याच्या टोकावर टाच रोवून सगळा जोर लावला, तेव्हा कुठे शेवटचा गंजका बोल्ट कुरकुरत फिरला. कंपनीची पायरी गाडीपासून सुटली आणि त्याच्या दोस्ताने, वेल्डरने, ती वरच्या वर झेलली.

"हलकी आहे की रे. नुसती शोभा."

शोभाच होती. अरुंद, गुळगुळीत आणि जवळजवळ गुडघ्याएवढी उंच. गाडी नवी होती तेव्हा मिस्त्रीची बायको तिच्यावरून टुणकन आत बसायची. गेलं वर्षभर मात्र तिने गाडीचं नावच टाकलं होतं. तिच्या थोरल्या बहिणीने अंथरूण धरलं, भेटून जा म्हणून निरोपावर निरोप आले, तरी हिचं आपलं आज डोकं दुखतंय, उद्या बघू. परवा मिस्त्रीचा पारा चढला तेव्हा ती हळूच म्हणाली, "पायरी उंच पडते हो मला. गुडघा साथ देत नाही."

एवढंच ना, म्हणून त्याने किती उंची चालेल ते विचारलं. तिने स्वयंपाकघरातल्या बुटक्या स्टुलाकडे बोट दाखवलं. "तेवढी चालेल. वरचे डबे काढायला रोज चढतेच की त्यावर."

तेच स्टूल आता घरापुढच्या गॅरेजात आलं होतं. दिवसभर लोकांच्या गाड्यांखाली लोळून मिस्त्रीचं अंग आंबून गेलं होतं. टेप शोधायलासुद्धा जिवावर आलं. त्याने स्टुलावरची धूळ फडक्याने झटकली, ते गाडीच्या दारापाशी सरकवलं, नवी रुंद पायरी त्यावर टेकवली आणि म्हणाला, "हेच माप. जोड इथेच."

काम झाल्यावर त्याने स्टूल बाजूला घेतलं आणि जॅक उतरवला. गाडी दमल्यासारखी खाली बसली, आणि पायरीही तिच्याबरोबर खाली गेली. मिस्त्रीने स्टूल शेजारी लावून पाहिलं. पायरी चार बोटं खाली.

वेल्डरने वाकून गाडीखाली पाहिलं.

"गाडी जॅकवर होती," वेल्डर म्हणाला. "जॅकवर असताना माप घेतलंस तू. एखाद्या नवख्याने हे केलं असतं, तर त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला असतास."

मिस्त्रीला आपलीच लाज वाटली. उभा जन्म या धंद्यात गेला, आणि घरच्या कामात ही तऱ्हा. "कापून वर घे," तो म्हणाला. "सकाळी निघायचंय आम्हाला."

"आज माझ्यात राम उरलेला नाही. सावकाश ने. घासेल जरा रस्त्याला."

तेवढ्यात मिस्त्रीची बायको चहा घेऊन आली. कप दोघांच्या हातात देऊन ती पायरीकडे बघत उभी राहिली.

"झाली?"

"झाली, पण जरा..."

ती थांबलीच नाही. एका हाताने तिने दार धरलं, दुसरा गुडघ्याखाली घातला आणि स्वतःचा पाय ओझं उचलावं तसा उचलला. तळवा पायरीच्या कडेला घासत जेमतेम वर आला. ती क्षणभर तशीच उभी राहिली, मग दुसरा पाय ओढून घेतला आणि सीटवर टेकली. काचेतून समोर बघत म्हणाली, "बरोबर बसवलीत. अगदी आपल्या स्टुलाएवढी."

मिस्त्रीच्या हातातला कप तसाच राहिला. फडक्याने झटकलेली ती धूळ त्याला आत्ता आठवली. कितीतरी महिने सगळे डबे ओट्यावर मांडलेले असायचे, आणि पसारा म्हणून तो तिच्यावर करवादायचा, तेही आठवलं. रोज चढते म्हणे.

वेल्डरने बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात मिस्त्रीने ते स्टूल पायानेच टेबलाखाली सारलं.

"मापानेच बसवलीय," तो म्हणाला.

सकाळी दोघं नवराबायको बहिणीकडे निघाले. चौकातल्या गतिरोधकावर त्याने गाडी अगदी हळू चढवली, तरी खालून खर्र आवाज आलाच.

"काय लागलं हो?"

"काही नाही. दगड असेल."

पुढच्या गतिरोधकावरही तोच आवाज आला. ती बाहेर बघत बसली. बऱ्याच महिन्यांनी ती रस्ता बघत होती. तिसरा गतिरोधक दिसला, तशी ती मान न वळवता म्हणाली,

"हळू घ्या. दगड असेल."