चौदाचा आकडा

बुधवारी संध्याकाळी बाबा वही घेऊन स्वयंपाकघरात आले. "चौदा! घ्या साहेब, तुमच्या सहीची लाज राखली."

साहेब म्हणजे मी. विजेवरची गाडी शंभर किलोमीटरला किती युनिट खाते, हे आमच्या प्रयोगशाळेत मोजतात. बाबांच्या गाडीच्या प्रमाणपत्रावर चौदा आहे आणि खाली माझी सही. थंडी पडल्यापासून त्यांच्या वहीत मात्र अठरा, एकोणीस, कधी वीस. "तुझा आकडा माहेरी गुणाचा, सासरी काही नांदत नाही," असं ते चिडवायचे. मी म्हणायचे, "ॲक्सिलरेटरवर तुमचा पाय जड पडतो." गाडीच्या पडद्यावर त्यांचा भरवसा नव्हता. "तो कंपनीचाच माणूस." म्हणून भिंतीवरच्या प्लगला त्यांनी स्वतःचा मीटर लावला होता.

आठवड्याभरात एकोणीसचे चौदा? मी भाजी चिरता चिरता विचारलं, "मनाने लिहिलंत ना?"

"खोटे आकडे लिहायला मी काय तुझ्या खात्यात आहे?"

वही पुढे करताना त्यांची बोटं माझ्या हाताला लागली. गार पडलेली. मी आकडाच बघत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते उठले नाहीत. झोपेतच हृदय थांबलं, असं डॉक्टर म्हणाले.

लोक भेटायला येत होते, आणि माझ्या डोक्यात तो चौदा. ताकाला जाऊन भांडं कधी न लपवणारा माणूस शेवटच्या पानावर खोटं लिहून गेला? महिन्याभराने मी त्यांची गाडी काढली. दर बुधवारी ते जायचे त्याच रस्त्याने निघाले, आत्याच्या घरी, साठ किलोमीटर. मांडीवर अंड्यांची टोपली असावी तशी गाडी चालवली. पडद्यावरसुद्धा एकोणीस. म्हणजे कंपनीचा माणूसही त्यांच्या विरुद्ध साक्ष देत होता.

मी आत्याला सरळच विचारलं, बाबा कधी आकडे वाढवून-घटवून सांगायचे का?

"तो?" आत्या माझ्याकडे बघतच राहिली. "शेवटच्या खेपेला कानटोपी, दोन स्वेटर, मांडीवर पांघरूण अशा थाटात आला. दात वाजत होते. म्हटलं, अरे शहाण्या, गाडीला हीटर आहे ना? तर म्हणतो, तोच मेला वीज खातो, ताई. पोरीचा आकडा एकदा तरी खरा करून दाखवायचाय."

परतताना मी हीटर बंद केला. पाच मिनिटांत काच धुरकटली. दाराच्या कप्प्यात फडकं होतं, नीट घडी घातलेलं. पुसत पुसत घर गाठलं तेव्हा बोटं बधिर झाली होती. गाडी बंद करण्याआधी पडद्यावर पाहिलं. चौदा.

मी फडक्याची घडी घालून ते परत कप्प्यात ठेवलं. मग मोठ्याने म्हटलं, "बाबा, आमच्या चाचणीच्या खोलीत बारा महिने तेवीस अंश असतं. हीटर आम्ही लावतच नाही. मला माहीत होतं. तुमचा पाय कधीच जड नव्हता."