सगळ्या फायलींसाठी

"हे काय, बालवाडीचं पुस्तक छापलंयस का?" वकीलसाहेबांनी कागद धाकटीच्या टेबलावर आपटले. "दोन पानांचा करार पाच पानांवर गेलाय. बाहेर माणसं ताटकळलीत!"

अक्षरं खरंच बोराएवढी होती. वयाने सगळ्यात लहान, म्हणून ऑफिसात तिला सगळे धाकटी म्हणत; ती नवीन होती, अजून कायम झालेली नव्हती. ती उभीच राहिली.

"सर, मी नुसती नवी फाईल उघडली. अक्षर आपोआपच मोठं आलं."

"आपोआप! मागच्या आठवड्यात तारीख चुकली, तीही आपोआपच ना?"

शेजारच्या टेबलावर ताई मान खाली घालून टाईप करत राहिल्या. टाईपरायटरच्या जमान्यापासून त्या या ऑफिसात होत्या. साहेबांच्या वडिलांची पत्रंही त्यांनीच टाईप केलेली. त्यांच्या नजरेखालून गेल्याशिवाय एकही कागद सहीला जात नसे.

साहेबांनी तिथूनच कॉम्प्युटरवाल्याला फोन लावला. त्याचा आवाज खोलीभर ऐकू आला. "साहेब, तुमच्या सगळ्या मशीनना कोऱ्या पानाचा साचा एकाच जागेवरून मिळतो. कुणीतरी त्या साच्यातलंच अक्षर मोठं केलंय. डीफॉल्ट बदललाय. दुपारी येऊन बघतो."

"ऐकलंस?" साहेब धाकटीला म्हणाले. "तो येऊन गेला की तूही सामान आवर. असली डोकेदुखी नको मला."

ताईंची बोटं थांबली.

आदल्या संध्याकाळी बाकीचे निघून गेल्यावर त्यांनीच ते केलं होतं. काही महिन्यांपासून त्यांच्या नजरेच्या ऐन मधोमध एक करडा डाग बसला होता. समोरच्या माणसाकडे पाहिलं की त्याचे कान दिसत, खांदे दिसत. चेहरा नाहीसा होई. गेलेली नजर परत येणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं. घरी त्यांनी अवाक्षर काढलं नाही. नवरा नुकता कुठे अंथरुणातून उठून बसायला लागला होता. त्याला आणखी घोर कशाला?

आपल्या एका फाईलपुरतं अक्षर मोठं करावं, काम उरकलं की पुन्हा लहान करून ठेवावं, एवढाच त्यांचा विचार होता. मध्येच पडद्यावर एक छोटी चौकट उघडली. काहीतरी विचारत होती. ताईंनी मान वाकडी करून डोळ्याच्या कोपऱ्यातून वाचायचा प्रयत्न केला, पण त्या मुंगीएवढ्या अक्षरांचा पत्ता लागेना. दोन पर्याय आहेत, एवढं कळलं. त्यांनी एक दाबून टाकला. अक्षर मोठं झालं आणि त्यांचा जीव भांड्यात पडला.

फक्त या फाईलसाठी, की सगळ्या फायलींसाठी? चौकटीतला प्रश्न एवढाच होता.

जेवणाच्या सुट्टीत धाकटीने डबा उघडलाच नाही. खणातला कंगवा, रुमाल, पाण्याची बाटली पिशवीत भरता भरता तिने हळूच विचारलं, "ताई, माझ्या हातून चुकून झालं असेल का हो? मला आठवत कसं नाही?"

डबा तसाच ठेवून ताई उठल्या आणि थेट साहेबांच्या खोलीत गेल्या.

"साहेब, ते अक्षर मी मोठं केलं. पोरीचा काही दोष नाही."

"ताई, तिला वाचवायला कशाला आळ घेताय अंगावर?"

"खरंच मी केलं. मला... बारीक दिसत नाही आता."

साहेबांना ते खरं वाटेना. त्यांनी टेबलावरचा एक कागद पुढे केला. "वाचा बघू."

ताईंनी कागद हातात घेतला. वर जाड ओळीची सावली, खाली मजकूर. करारच असणार. त्या खणखणीत आवाजात म्हणू लागल्या, "लिहून घेणार आणि लिहून देणार यांच्यात आज रोजी असा करार करण्यात येतो की..."

साहेबांनी त्यांना पुढे बोलू दिलं नाही. हलकेच कागद काढून घेतला.

"ताई, हे विजेचं बिल आहे."

मग साहेब खिडकीकडे बघत म्हणाले, "म्हणजे इतके दिवस मी ज्या कागदांवर सह्या करत होतो, ते..."

"लक्ष देऊन तपासत होते, साहेब. जमेल तेवढं."

"सोमवारपासून फोनवर बसा. महिनाअखेरीला पुढचं बघू." आवाज चढला नव्हता, पण त्यांनी ताईंकडे पाहिलंही नाही. "आणि त्या मुलीला सांगा, पिशवी रिकामी कर म्हणावं."

दुपारी कॉम्प्युटरवाला आला. ताईंच्या मशीनवर बसून त्याने साचा पहिल्यासारखा केला, कोरी फाईल उघडली, एक ओळ टाईप केली आणि नेहमीच्या सवयीने मागे वळला.

"ताई, बघून घ्या. आलं का बरोबर?"

पडद्यावर त्यांना पांढरा उजेड दिसत होता. त्यात कुठेतरी ती ओळ असणार.

"तिला विचार," ताई म्हणाल्या.

धाकटी बिचकत पुढे आली. ताईंनी खुर्ची तिच्याकडे सरकवली. धाकटी बसली, वाकून ती ओळ वाचू लागली. ताई एक हात खुर्चीच्या पाठीवर ठेवून मागे उभ्या राहिल्या. त्या खोलीत दुसरीकडे कुठे बसायचं, ते त्यांना चटकन सुचलं नाही.