कांद्याचा भाव

ओळख दाखवली नाही, ते हंसाबाईनं एक वेळ गिळलं असतं. पण शामनं कांद्याचा भाव विचारला, ते काही तिच्या घशाखाली उतरेना. घरी खाटेखाली दीड पोतं कांदा पडलेला. सकाळी त्याच कांद्याच्या झुणक्याशी दोन भाकरी खाऊन हा बोरीच्या बाजारात आला, आणि आई समोर दिसल्याबरोबर मान फिरवून कांदेवाल्यापुढे असा उकिडवा बसला, जसा जन्मात कांदा पाहिला नव्हता.

ती तेव्हा बिजलीबाईच्या ताडपत्रीवर मांडी ठोकून बसली होती. भांड्यांच्या दुकानांपलीकडे, कडुलिंबाखाली, बिजलीबाई जुने कपडे विकायची. नागपूरकडच्या बायका पातेल्याच्या, डब्याच्या बदल्यात जे कपडे देऊन टाकतात, त्यांची गाठोडी तिच्याकडे येत. ती ते धुवायची, तुटलं बटण लावायची आणि ढीग घालायची. राखी तोंडावर म्हणून चार दिवस तिनं ताडपत्री उचललीच नव्हती. हंसाबाईच्या हातात एक झगा होता, उलटा केलेला. कपडा उलटा केल्याशिवाय तिला तो दिसतच नसे. शिवण कशी दाबली आहे, आत कापड किती सोडलं आहे, काखेत विरला आहे का, हे सगळं बोटांनी वाचून मग ती तो उजेडापुढे धरायची. तसा झगा वर धरला, आणि त्याच्या कडेवरून तिला शाम दिसला. सोबत त्याचा साळा इंद्रजीत, डोळ्यांवर काळा चष्मा.

नजरेला नजर भिडली. दोन पावलं पुढे येऊन "याडी" म्हणायला असा किती वेळ लागतो? तांड्यातलं शेंबडं पोरही आपल्या आईला बाजारात याडी म्हणून हाक मारतं. शाम कांद्याकडे वळला.

बिजलीबाईच्या नजरेतून काही सुटत नसे.

"तुयं पोट्टं होतं ना व ते, हंसाबाई?"

"नाई. माह्या पोराले डोळे हायेत."

हंसाबाईनं झगा परत ढिगात टाकला आणि रिकाम्या हातानं तांड्याची वाट धरली.

शाम पाच दिवसांसाठी आला होता. गुरुवारी पंधरा ऑगस्ट, सोमवारी राखी, मधल्या शुक्रवारची त्यानं रजा टाकली होती. नागपूरजवळ बुटीबोरीकडच्या एका कंपनीत तो बारा वर्षांपासून मशीनवर. तिथेच दोन खोल्यांत बायको वर्षा आणि नऊ वर्षांची सोनू. बहिणीकडून राखी बांधून घ्यायला इंद्रजीत आपली नवी गाडी घेऊन दिग्रसहून आला होता. तो रस्त्यांचे ठेके घ्यायचा, आणि बोलायचाही तसाच, रोलर फिरवल्यासारखा. सोनू मागे आजीपाशी राहून यंदा पहिल्यांदा तीजेत बसणार होती. राखी झाली की तांड्यातल्या पोरी टोपल्यांत गहू पेरतात, नऊ दिवस त्यांना पाणी घालतात, गाणी म्हणतात. तेव्हा पोरीच्या अंगावर चांगला घागरा पाहिजे, म्हणून तर हंसाबाई बाजारात गेली होती.

संध्याकाळी जेवताना इंद्रजीतनं ताटावरूनच जाहीर केलं, की उद्या रविवारी सगळ्यांनी अमरावतीला चालायचं, मॉलमध्ये. वर्षाला राखीची साडी तो घेणार. सोनूला कपडे भाऊजी, म्हणजे शाम, घेतील. भाऊजींच्या पसंतीला तोड नाही. मागच्या दिवाळीला त्यांनी त्याला मॉलातून शर्ट धाडला होता, लोक अजून विचारतात कुठून घेतला. जेवायचंही तिथेच, वरच्या मजल्यावर, आणि मावशीला, म्हणजे हंसाबाईला, सरकत्या जिन्यावर उभं करून फोटो काढायचा.

हंसाबाई चुलीपुढून पाहत होती. शामचा घास वरणात बुडला आणि तिथेच राहिला. मग तो म्हणाला, "हो, जाऊ ना," आणि त्यानं पाण्याचा तांब्या उचलला. तहान नव्हती त्याला. आईनं पोराला तेवढं तरी ओळखावं.

भांडी घासायला बसल्यावर वर्षा आपणहून बोलली. बोलली ती भांड्याशीच.

"होळीपासून ओव्हरटाइम बंद हाये, याडी. खोलीभाडं अन् शाळा कशीबशी निपटते. कोणाले सांगू नको म्हणे. इंद्रजीतदादासमोर हे नाई म्हणत नाईत, अन् उद्या मॉलात गेलो तं पुढचा महिना..."

पुढचं तिनं राखेसोबत घासून टाकलं. हंसाबाईनं घासलेली ताटं विसळून पालथी घातली. बाजारातला राग तसाच होता. त्याच्याशेजारी आता हे दुसरं येऊन बसलं, आणि दोघं काही एकमेकांशी बोलेनात.

सकाळी तिनं पेटीतून गुलाबी साडी काढली. दोन दिवाळ्यांपूर्वी शामनं आणलेली, मॉलच्या पिवळ्या पिशवीतून. तांड्यातल्या बायकांनी तेव्हा हात फिरवून फिरवून पाहिली होती. त्या गेल्यावर हंसाबाईनं पदर उलटा केला. खांद्यावर येतो त्या जागी बारीक भोकं होती, दहा-बारा, एकाच ठिकाणी. कुण्या बाईनं कामाला जाताना रोज तिथे पिन लावली होती. फॉलही दुसऱ्यांदा लावलेला. पहिल्या टाक्यांच्या खुणा शेजारीच. पुढच्या दिवाळीला वर्षाची साडी आली तीही त्याच पिवळ्या पिशवीतून. दोरी तुटून मारलेली गाठसुद्धा तीच.

हंसाबाईनं तेव्हा त्या भोकांवर आपली पिन लावली आणि दोन वर्षं प्रत्येक लग्नात, प्रत्येक बारशात सांगितलं, माह्या शामनं मॉलातून आणली. तोंड दुखेपर्यंत सांगितलं. आणि तोच शाम काल तिला जुन्या कपड्यांच्या ढिगात पाहून कांद्यांकडे वळला होता.

तिनं साडी नेसली, पिन लावली, रिकामी कापडी पिशवी घेतली आणि कुणी बसायच्या आत जाऊन गाडीच्या पुढच्या सीटवर बसली. मागे शाम, वर्षा आणि मधे सोनू. इंद्रजीत शीळ घालत आला. अंगात दिवाळीचा तो निळा शर्ट. हंसाबाईची नजर सवयीनं त्याच्या बटणांवरून खाली उतरली. तिसरं बटण दुसऱ्या दोऱ्यानं लावलेलं होतं. तिनं नजर काचेबाहेर नेली.

"बोरीत घे गाडी. कडुलिंबापाशी."

"मावशी, आपण अमरावतीले चाललो."

"तुमी जा. मी अन् माही नात बोरीत उतरतो. ह्या घरात तीजेचं कापड मी घेतो."

इंद्रजीत हसला. लोकांनी टाकलेले कपडे घालून पोरीला तीजेत बसवता का, तांडा काय म्हणेल, असं त्यानं विचारलं. हंसाबाईनं त्याला तांड्याचंच ऐकवलं. आपले आजे-पणजे बैलांवर लोकांचं मीठ अन् धान्य लादून मुलूखभर फिरले. आधी कुणाचा हात लागला, हे कुणी पुसलं नाही. आणि मॉलचं तिला सांगू नये. एकदा नागपुरात शामसोबत ती गेली होती. एक झगा उलटा करून पाहिला, तर टोपीवाला पहारेकरी येऊन बाजूला उभा राहिला, जशी काही ही झगा गिळणार होती.

"जिथं कपडा उलटा करून पाहू देत नाईत, तिथं माहा पाय नाई पडत. उलटी बाजू पाह्यल्याबिगर म्या झगा बी घेतला नाई, अन् सोयरीक बी केली नाई."

सोयरिकीचं ऐकून वर्षानं पदर तोंडाला लावला. इंद्रजीतच्या रोलरखाली दगड आला. त्यानं आरशातून मागे पाहिलं.

"मंग भाऊजी काहून जातात दर दिवाळीले मॉलात? काय भाऊजी? तुमीच सांगा आता."

आरशात शामची हनुवटी तेवढी दिसत होती.

हंसाबाईचा हात खांद्यावर गेला. पिन काढायची आणि पदर पुढे धरायचा, एवढंच काम. नाही तर शेजाऱ्याच्या तिसऱ्या बटणावर बोट ठेवायचं. काळा चष्मा अमरावतीला पोचायच्या आधी उतरला असता. बोटाखाली तिला भोकं लागत होती, आणि कालची ती कांदेवाल्यापुढची पाठ डोळ्यांपुढून हलत नव्हती.

"त्याले आवडते, तो जातो," ती म्हणाली. "मले नाई आवडत, मी जात नाई. आज तो माह्या घरी हाये, माह्या ऐकण्यातला हाये. पैसे खर्चायले अमरावती काई उद्या पळून नाई चालली. गाडी बोरीत घेतं, का मी पायी जाऊ?"

हंसाबाई अडून बसली की बैलही वाट सोडतो, अशी तिची ख्याती दिग्रसपर्यंत होती. मॉलचं राहिलं ते म्हातारीच्या हट्टापायी, हे सोयऱ्यांत सांगायला इंद्रजीतलाही बरं होतं. गाडी बोरीत आली.

कडुलिंबाखाली गर्दी होती. बिजलीबाईनं ढिगाच्या कडेला जागा करून दिली, आणि शामकडे एकदा पाहून घेतलं. वर्षानं थोड्याच वेळात एक निळी साडी काढली आणि भावापुढे धरली. राखीला हीच चालेल म्हणाली, राखी तर राखीच. इंद्रजीत आधी गाडीला टेकून फोनवर मोठ्यानं बोलत होता. मग ढिगातलं एक कातडी जॅकेट त्याच्या डोळ्यांत भरलं. नुसतं पाहतो म्हणत त्यानं ते उचललं, नुसतं घालून पाहतो म्हणत घातलं, आणि ऑगस्टच्या त्या उकाड्यात चेन गळ्यापर्यंत ओढून गाडीच्या काचेत स्वतःला पाहायला गेला.

"गरम होते का, बावा?" हंसाबाईनं विचारलं.

"नाई मावशी. हलकं हाये." घाम नाकावरून टपकत होता.

सोनूला हिरवा घागरा पाहिजे होता. हिरवाच. हंसाबाईनं लाल काढला, पिवळा काढला, पोरगी मान हलवत राहिली. शाम अजून उभाच होता, हात खिशात, चेहरा रस्त्याकडे. मग सोनूनं त्याची पँट ओढली.

तो खाली बसला. कुणी शिकवलं नाही, कुणी सांगितलं नाही. त्याचा हात वरचे कपडे बाजूला सारून सरळ ढिगाच्या तळाशी गेला, जिथे जड कापड बसतं. हिरव्या काठाचा एक तुकडा त्याच्या चिमटीत आला. त्यानं घागरा ओढून काढला, एका झटक्यात उलटा केला, अंगठा शिवणीवरून चालवला, नेफ्यात बोट घालून ताणून पाहिलं, आणि उजेडापुढे धरला. सगळं दोन श्वासांत.

बिजलीबाई पाहत होती.

"बाबूचा हात बसेल हाये व."

घागरा तसाच उजेडात राहिला. शामचे कान लाल झाले. इंद्रजीत तिकडे काचेपुढे कॉलर उभी करत होता. त्याला काही ऐकू गेलं नव्हतं.

"बसेलच राहीन," हंसाबाई म्हणाली. "माहा पोरगा हाये."

"काल तं नाई म्हणत होती."

"काल त्याले डोळे नव्हते."

बिजलीबाई हसली आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळली. सोनूनं घागरा कपड्यांवरूनच चढवला आणि एक गिरकी घेतली. कमरेत सैल होता, बाकी जसा तिच्याच मापाचा.

वर्षा सोनूला घेऊन गाडीकडे गेली. मागे दोघंच राहिली. हंसाबाईनं घागऱ्याची घडी घातली, पण नेफा पुन्हा पुन्हा उलगडत होता. तिनं खांद्यावरची पिन काढली आणि नेफ्याला लावली. पदर सुटून पुढे आला. शाम पिशवी धरून उभा होता. त्याची नजर त्या भोकांवर गेली आणि तिथून निघेना.

"तुले कधी समजलं, याडी?"

"आणली त्या दिवशी."

"मंग बोलली काहून नाई?"

तिनं पदर झटकला, पुन्हा खांद्यावर घेतला, आणि पिशवी त्याच्या हातून स्वतःच्या हातात घेतली. पलीकडे कालचाच कांदेवाला कालच्याच जागी ओरडत होता. ती त्याच्याकडे पाहत होती, शामकडे नाही.

"साडी चांगली हाये. जिनं आधी नेसली तिनं जपून नेसली, मी बी जपतो. जुनं आणलं, ते तू वाईट नाई केलं. पिशवी मॉलाची आणली, ते बी चाललं. म्या सोता दोन वर्षं मिरवली. पण घरी दीड पोतं पडेल असून, याडीले पाहून तू कांद्याचा भाव इचारला, शाम. ते वाईट केलं."