दुमडीत गेलेला दीड फूट

माळ्याने नववं झाड खड्ड्यात उतरवलं, पायाने माती दाबली आणि हात झटकत बाजूला झाला. शिवणकाकूंनी गळ्यातली टेप काढली. टेप पाच फुटांतच संपली, तिथे चिमूट धरून त्यांनी पुढचं मोजलं. मग पुन्हा पहिल्यापासून मोजलं.

“अहो दादा, हे साडेसहाच भरतंय. आपलं आठ फूट ठरलं होतं.”

“आठच आहे की, काकू. पिशवी धरून आठ. दीड फूट जमिनीत गेलं ना!”

काकूंनी कपाळावर हात मारून घेतला. रोपवाटिकेत जाऊन त्यांनी स्वतः मोजली होती, नऊच्या नऊ सुरूची झाडं, पिशवीच्या बुडापासून शेंड्यापर्यंत. आणि जमिनीत काय जाणार ते धरलंच नव्हतं! गेली तीस वर्षं येईल त्या गिऱ्हाइकाला त्या बजावत आल्या होत्या, कापड घेताना दुमडीचं धरा हो, नाहीतर रडत याल. आता रडायची पाळी त्यांची होती.

कारण कुंपणापलीकडच्या शेजारणीचा व्हरांडा तीन पायऱ्या उंच होता आणि ती स्वतः ताडमाड. काकूंच्या यजमानांनी तिचं नावच ‘टेहळणी मनोरा’ ठेवलं होतं. यजमान शाळेत कवायत शिकवायचे, सगळे त्यांना मास्तर म्हणत. त्यांच्या एका आरोळीला पाचशे पोरं रेषेत उभी राहायची. चार महिन्यांपूर्वी अर्धांगवायूचा झटका आला आणि उजवा पाय ओढत चालायची वेळ आली. आवाजही बसला, पाणी मागायचं तरी पुटपुटत. डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं, रोज मोकळ्यावर वीस फेऱ्या घाला, नाहीतर पाय कायमचा आखडेल. घरात चार पावलांवर शिलाई मशीन नाहीतर भिंत. परसात जावं तर समोर मनोरा. मास्तर तीनदा बाहेर गेले, तिन्ही वेळा तिला पाहून माघारी फिरले. चौथ्यांदा गेलेच नाहीत.

आताही ते खिडकीत उभे होते. पलीकडच्या दारातून एक डोकं बाहेर आलं, इकडे तिकडे वळलं आणि आत गेलं.

“दिसतेय,” मास्तर पुटपुटले. “कपाळापासून हनुवटीपर्यंत.”

“अहो, वाढतील झाडं. वर्षभराचा तर प्रश्न आहे.”

“मग वर्षभराने बघू.”

खिडकी लागली. मास्तर वर्षभर थांबतील, पाय थोडाच थांबणार होता?

दुपारी मनाचा हिय्या करून त्या शेजारणीच्या पायऱ्या चढल्या.

“ताई, झाडं लावली म्हणून राग मानू नका. तुमच्याबद्दल काही मनात नाही हो आमच्या. यांना लाज वाटते, कुणी बघितलं की. आणि एवढं करून मेली झाडंही आखूड निघाली.” एकदा तोंड उघडल्यावर काकूंनी पिशवी, टेप, दुमड सगळंच सांगून टाकलं.

शेजारीण ऐकता ऐकता मटकन पायरीवर बसली आणि हसायला लागली. हसता हसता तिचे डोळे भरले.

“अहो वहिनी, चार महिने मी माझे कपडे न्हाणीघरात वाळत घालतेय! मी बाहेर आले की मास्तर आत. म्हटलं, माझं तोंड बघून आजारी माणसाचा व्यायाम बुडायला नको. म्हणून आधी चोरासारखं डोकावून बघते, मास्तर नाहीत ना? तर नेमके तेव्हाच ते खिडकीत!”

“आणि आम्ही तुम्हाला…” काकूंनी जीभ चावली.

“मनोरा ना? माहीत आहे मला. खिडकी उघडी असते तुमची.”

मग मात्र काकूंनाही हसू आवरेना. चार महिन्यांत त्या पहिल्यांदाच अशा पोट धरून हसल्या.

“किती कमी पडतंय म्हणालात?” शेजारणीने डोळे पुसत विचारलं.

“दीड फूट.”

“बरं. बघते मी काय ते.”

दुसऱ्या दिवशी सकाळी झाडांच्या वर काहीच नव्हतं. मास्तरांनी तीनदा खिडकीतून पाहिलं.

“आज मनोरा कुठे गेला?”

“मला काय ठाऊक?” म्हणत काकूंनी मशीन जोरात चालवली.

थोड्या वेळाने परसात काठीचा आवाज आला. एक फेरी झाली, दुसरी झाली. काकूंचा जीव भांड्यात पडला. आठवडाभरात फेऱ्या दोनाच्या अकरा झाल्या.

आठव्या दिवशी काठीचा आवाज मध्येच थांबला. काकूंनी मशीनच्या चाकावर हात ठेवून खिडकीतून पाहिलं. मास्तर पाचव्या झाडापाशी उभे होते. पलीकडून घटकेघटकेला “आई गं!” ऐकू येत होतं. मास्तरांनी काठीने फांदी बाजूला सारली.

व्हरांड्याच्या दोन खांबांना गुडघ्याएवढ्या उंचीवर दोरी बांधली होती. ती ताडमाड बाई दुहेरी वाकून टॉवेल वाळत घालत होती. एक घातला की कंबर धरायची, आणि डोकं वर न काढता तशीच वाकून पुढे सरकायची. मास्तर बराच वेळ बघत राहिले. आता हे फिरणार माघारी, काकूंना वाटलं. गेलं सगळं मुसळ केरात.

“पाठ सरळ!”

काकू दचकून उभ्या राहिल्या. चार महिने हा आवाज त्यांनी ऐकला नव्हता. पलीकडे टॉवेलची बादली कलंडली. मग झाडाच्या शेंड्यावर हळूहळू कपाळ आलं, मग डोळे, मग हनुवटी.

मास्तरांनी तिच्याकडे पाहिलं. मग काठी पुढे टेकवली आणि पाय ओढत सहाव्या झाडाकडे निघाले.