उर्वशी नत्थू सेलोकर, वय अडतीस

मोहाडीत तहसील ऑफिससमोर भोजराजचं सेतू केंद्र आहे. दोन कॉम्प्युटर, एक झेरॉक्स मशीन आणि बाकावर कायम दाखले काढणारी माणसं. माझा नंबर आला तसं त्यानं मान वर न करताच विचारलं, "काय काढायचं, वहिनी? उत्पन्नाचा दाखला?"

"नीटचा फॉर्म भरायचा आहे. सुटाले अजून वेळ आहे, माहीत आहे मले. कागद कोणते लागतात ते आजच सांगून ठेव."

"पोराचा का?"

"पोरगा पॉलिटेक्निकले आहे नागपूरले. फॉर्म माझा आहे."

भोजराज हसला. बाकावरचे पण हसले. मी हसली नाही, म्हणून एकेकाचं हसणं बंद झालं. मग तो म्हणते, "वहिनी, डॉक्टरकीले वय लागते ना."

"वयाची वरची अट काढून टाकली, बाबू. बारावी सायन्स पायजे, ते माझं आहे. तुझी पुतणी माझ्याच ओट्यावर बसून बायोलॉजी शिकली, आता डॉक्टरकी करून राहिली. तिच्या वेळी हसला होता का?"

त्यानं हात पुढं करून कागद मागितले.

आता एक सांगूनच टाकते, कारण पुढं जो भेटला त्यानं हेच विचारलं. काहून? ह्या वयात काहून? लोकांले वाटते हिच्या घरात कोणी उपचाराविना मेलं असन, हिनं कोणाले वचन दिलं असन. असं काही नाही, बाप्पा. बारावीले होती तवा मले डॉक्टर व्हायचं होतं. मार्क चांगले होते. निकाल लागला आणि त्याच उन्हाळ्यात लग्न लावून दिलं. व्हायचं होतं ते काही मेलं नाही, पोटात तसंच बसून राहिलं. दुसऱ्यांच्या पोरांले पेशी आणि रक्ताभिसरण शिकवता शिकवता ते अजून वाढलं. मले पायजे, म्हणून भरून राहिली फॉर्म. सतरा वर्षांच्या पोरांले कोणी कारण विचारत नाही, मले कायले विचारता?

भोजराजनं माझं आधार कार्ड आणि बारावीच्या मार्कशीटची झेरॉक्स बाजूबाजूले ठेवली. आधारवर सुशीला हेमराज बांते. मार्कशीटवर उर्वशी नत्थू सेलोकर.

"ह्या तर दोन बाया झाल्या, वहिनी."

"दोन्ही मीच."

लग्नात परातीत तांदूळ पसरून अंगठीनं नवरीचं नवीन नाव लिहितात, ते तुमाले माहीत आहे. बऱ्याच जणींचं नाव त्या तांदळातच राहते. माझ्या सासूनं, आनंदाबाईनं, मात्र माझं नवीन नाव रेशन कार्ड, मतदार यादी, आधार, सगळीकडं चढवून घेतलं. तिचं म्हणणं, उर्वशी म्हणजे इंद्राच्या दरबारात नाचणारी, असं नाव घेऊन सून चुलीपुढं बसली तर लोक काय म्हणतील. म्हणून सुशीला. माझं तोंड ऐकलेले लोक गावात अजून हसतात त्या नावाले.

भोजराज म्हणाला, "सगळे कागद एकाच नावावर पायजेत. बारावीचं नाव आता बदलत नाही, आधारचं बदलते. तुम्ही पुन्हा उर्वशी सेलोकर झाल्या असं राजपत्रात छापून आणा लागन. त्याले ओरिजिनल मार्कशीट लागन, आणि हेमराजभाऊची संमती, सहीनिशी. फॉर्म बंद व्हायच्या आधी झालं तर झालं, नाही तर पुढच्या साली."

पुढचं साल मले नको होतं. माणूस एक साल थांबला की त्याले थांबायची सवय लागते. मले ती सवय चांगली माहीत आहे.

घरी आली तर खळ्यात धानाचे पुंजणे उभे होते, मळणी व्हायची होती. हेमराज, माझा नवरा, तिथंच खाट टाकून राखणीले बसला होता. हा माणूस कोणाचंच मन मोडत नाही, म्हणून दर वेळी माझंच मोडते. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "बांते ठेवून नुसतं उर्वशी केलं तर नाही का चालत?"

"मार्कशीटवर बांते नाही ना जी."

तेवढ्यात सासू आली. आमच्याकडं सासूले मामी म्हणतात. मामीनं मागचं सगळंच ऐकलं होतं. ती माझ्याशी बोललीच नाही, पोराशी बोलली. "बाई माहेरचं नाव परत कवा घेते रे हेमराज? काडीमोड घेते तवा."

"मी काडीमोड घ्याले नाही चालली, मामी. कॉलेजात चालली."

"डॉक्टरकीचं नुसतं सोंग आहे हिचं. पोरगा हाताशी आला, आता हिले मोकळं व्हायचं आहे. तू सही कर, आणि मग बस चूल फुंकत."

हेमराजनं आईकडं पाहिलं, मग माझ्याकडं. म्हणाला, "तू आधी माहेरून ओरिजिनल तर आण. मग पाहू."

मले इतका राग आला की रात्री भाकर गेली नाही. ज्या घरात मी वर्षानुवर्षं चिखलात वाकून रोवणी केली, मामाजीच्या, म्हणजे सासऱ्याच्या, आजारपणात त्यांचं सगळं काढलं, त्या घराले मी पळून जाईन हे खरं वाटत होतं. मी शिकाले जाईन हे खोटं वाटत होतं.

सकाळची बस धरून भंडाऱ्याले गेली, तिथून अड्याळ. माझे मायबाप दोघंही गेले. मी आणि लहान भाऊ घनश्याम, एवढीच लेकरं आम्ही. माझी मार्कशीट बाबाच्या लोखंडी पेटीत होती आणि पेटी घनश्यामच्या घरी. फोनवर मी त्याले सगळं सांगितलं होतं, नाव परत घ्यायचं ते पण. त्यानं लय आपुलकीनं बोलावलं होतं.

वहिनीनं लाखोरीच्या डाळीचे वडे तळले होते. चांगले झाले होते, मी पोटभर खाल्ले. मग घनश्यामनं खाटेवर एक नवी साडी ठेवली आणि साडीवर स्टॅम्प पेपर ठेवला, टाइप केलेला. वाचून पाहिलं तर हक्कसोड.

आमच्याकडं हे असंच चालते. बहिणीनं बापाच्या वावरातला हिस्सा सोडून द्यायचा, भावानं साडी नेसवायची, मग माहेरचं दार उघडं राहते. कोणी हात धरून सही घेत नाही. जी सही करत नाही ती बहीण वाईट, एवढंच. माझ्या बरोबरीच्या सगळ्या पोरींनी केली. माझी राहूनच गेली होती, कारण बाबा गेले तवा घनश्यामले ते सुचलं नाही आणि मी पण विषय काढला नाही.

"मी कवा हिस्सा मागितला तुले?"

"नाही मागितला, ताई. पण तू बाबाचं नाव परत लावून राहिली ना. सातबाऱ्यावर चढायचं असलं की बाया आधी हेच करतात, अर्जनवीस सांगत होता."

"मले डॉक्टर व्हायचं आहे, घनश्याम."

"हो ना, तू हो ना डॉक्टर. कोण नाही म्हणते?" तापात बडबडणाऱ्याशी बोलतात तसा तो बोलत होता. "इथं सही कर, मी लगेच पेटी उघडतो."

खरं सांगते, मी पेन हातात घेतला. तलावाखालची ती बांधी, बाबाचं धानाचं वावर, तिच्यात मी लहानपणी गुडघाभर चिखलात रोवणीचे पऱ्हे उपटले होते, पण ती आपली आहे असं माझ्या मनात कधी आलंच नव्हतं. ती दिली तर माझं काय जात होतं? मार्कशीट हातात येत होती, माहेर राहत होतं, साडी पण बरी होती. मी कागदाचं शेवटचं पान काढलं.

वहिनी बाजूले येऊन बसली. ती वाईट बाई नाही. माझ्या पाठीवर हात ठेवून हळू आवाजात म्हणाली, "ताई, आता तरी खरं सांगा ना. अडतिसाव्या वर्षी कोणी डॉक्टर होते का? घरी काही झालं का तुमचं?"

मी पेन खाली ठेवला.

"घनश्याम, ऐक," मी म्हटलं. "मी आली तवा मले फक्त माझा कागद पायजे होता. माझी मार्कशीट, माझ्या अभ्यासाची. त्याच्या बदल्यात तू माझ्याकडून वावर लिहून घेऊन राहिला. म्हणजे त्या वावरात माझं काहीतरी आहे, हे तूच मले दाखवलं. आता मी ते सोडत नाही. अर्धी बांधी माझी. ती विकून मी फी भरीन."

"मग मार्कशीट मिळत नाही."

"ठेव तुझ्याजवळ. उंदरांपासून जप."

त्यानं साडी माझ्याकडं सरकवली, का कोणास ठाऊक, सवयीनं असन. मी म्हटलं वहिनीले नेसव, आणि चपला घातल्या. दारापर्यंत पोचवाले कोणी आलं नाही.

भंडाऱ्याच्या बसमध्ये मी रडली. रागानं रडली आणि माहेर गेलं म्हणूनही रडली, कोणतं किती होतं ते मले सांगता येत नाही. बाजूची म्हातारी विचारत होती, कोणी वारलं का बाई. मी हो म्हटलं, सुटका झाली.

दोन दिवसांनी नागपूरले बोर्डाच्या ऑफिसात गेली. मार्कशीटची दुसरी प्रत निघते, हे मले भोजराजनं फोनवर सांगितलं. आधी सांगितलं असतं तर वडे खाले गेलीच नसती. तिथं अर्ज लिहून देणारा म्हणते, "बाई, भावानं दाबून ठेवली असं लिहू नका, हरवली लिहा." मी हरवली लिहिलं. पोलिसांचा दाखला, प्रतिज्ञापत्र, सगळं जोडलं आणि कामाले लागली.

मधल्या काळात अड्याळची बातमी मोहाडीले पोचली. घनश्यामनंच हेमराजले फोन केला होता, बहिणीले समजव म्हणून. हेमराजनं आईले सांगितलं. त्या दिवशी मी शिकवणी संपवून आत आली तर मामी माझी वाटच पाहत होती. तिनं मले स्वतःच्या हातानं चहा दिला. लग्नानंतर असं किती वेळा झालं ते विचारू नका.

"बांधी तलावाखालचीच आहे ना?" मामीनं विचारलं. "पाण्याची."

"हो."

"मग हिस्सा मागाले बापाचंच नाव लागन." ती हेमराजकडं वळली. "काय पाहून राहिला? सही करून टाक ना तिच्या कागदावर."

मले हसावं की भांडावं समजेना. भाऊ घाबरला वावरासाठी, सासू खूश झाली वावरासाठी. मी गळा फोडून सांगत होती ते दोन्ही घरांत कोणाच्या कानात गेलंच नव्हतं. हेमराजनं पेन काढला तवा मी कागदावर हात ठेवला. "तुम्ही कायच्यासाठी सही करून राहिले? वावरासाठी का माझ्यासाठी?"

त्यानं थोडा विचार केला. "आई नाही म्हणत होती तवा मले हिंमत नव्हती," म्हणाला. "आता ती हो म्हणून राहिली."

खोटं तरी बोलला नाही. मी हात काढला, त्यानं सही केली. ही सही मी कशाच्या जोरावर मिळवली ते मले माहीत आहे आणि मले त्याची लाज वाटत नाही. सरळ मागितली तवा कोणी दिली नाही.

राजपत्रात नाव छापून आलं. मार्कशीटची प्रत आली. आधार बदललं. फॉर्म सुटला तसा पहिल्याच आठवड्यात मी भोजराजच्या बाकावर जाऊन बसली. ह्या खेपेले त्यानं काही विचारलं नाही. नाव टाकलं, बापाचं नाव टाकलं, जन्मतारीख टाकताना एकदा माझ्याकडं पाहिलं आणि टाकली. फोटोतली बाई जरा रागीट दिसत होती. मी म्हटलं राहू दे, तशीच आहे.

घरी आली तर मामी ओट्यावर पाय लांब करून बसली होती.

"झालं का?"

"भरला फॉर्म."

"मग आता तलाठ्याकडं कवा जाते?"

"परीक्षा झाल्यावर. आणि मामी, आताच ऐकून ठेवा. हिस्सा मिळाला तर विकीन आणि माझ्या शिक्षणाले लावीन. तुमच्या पोराच्या नावावर त्यातला एक बांध-धुरा पण येणार नाही."

मले वाटलं आता मामी घर डोक्यावर घेते. पण ती एवढंच म्हणाली, "मग आमाले काय भेटते त्यातून?"

"तुमाले फुकटात तपासीन."

मामी गुडघ्यावरून हात फिरवत राहिली. मी आत जाले निघाली तर मागून आवाज आला.

"किती साल लागतात डॉक्टर व्हाले?"

"नंबर लागला तर साडेपाच."

ती बोटांवर काहीतरी मोजाले लागली. चुकली असन, पुन्हा पहिल्या बोटापासून मोजलं. आतापर्यंत जो भेटला त्यानं मले 'काहून?' विचारलं होतं. 'कवा?' हे कोणी विचारलं नव्हतं, नवऱ्यानं पण नाही. मी उंबऱ्यातच थांबली.

"मले आता सत्तर," मामी म्हणाली. "तवापर्यंत मी राहते का?"

"राहा लागन, मामी," मी म्हटलं.